‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम नक्की कोणाचा?

उत्तररात्र

बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला आणि त्याचा शेवटचा अल्बम ‘ब्रेनवॉश्ड’ १८ नोव्हेंबर २००२ रोजी, म्हणजे प्रथम स्मृतिदिनाच्या जेमतेम अकरा दिवस आधी, बाजारात आला. गाण्यांचे मूळ गायन आणि गिटारवादन त्याने स्वतः करून ठेवले होते आणि काम कसे पुढे न्यावे याच्या सूचनाही मागे ठेवल्या होत्या. त्यावरचे उरलेले बांधकाम मुलगा धनी आणि जुना मित्र, निर्माता जेफ लिन या दोघांनी पुरे केले.

गेल्या आठवड्यात हा अल्बम पुन्हा शांतपणे, सलग ऐकला. माझे मत असे झाले की २००२ साली त्याला मिळालेल्या कौतुकात शोकाचा वाटा फार मोठा होता. समीक्षकांनी अल्बमचे परीक्षण कमी आणि माणसाला निरोप जास्त दिला. दुसरी गोष्ट म्हणजे, अनेक ठिकाणी मला हॅरिसनपेक्षा लिनच जास्त ऐकू येतो. एकावर एक रचलेल्या अकूस्टिक गिटारी, पाठीमागे घट्ट विणलेले कोरस आणि अगदी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वजनाने पडणारे ड्रम ही त्याची ओळखीची मुद्रा आहे. जॉर्जला हे सारे फार गुळगुळीत नको होते, कच्च्या ध्वनिमुद्रणाचा खडबडीतपणा राहावा अशी त्याची इच्छा होती, असे खुद्द धनी आणि लिन यांनीच त्या वेळी सांगितले होते. तसे असेल तर मूळ कलाकाराची इच्छा ठाऊक असूनही तिच्याविरुद्ध सजवलेल्या या वस्तूला त्याचा अल्बम म्हणावे का, याविषयी जाणकारांची मते ऐकायला आवडतील.

तबकडीवाला

प्रश्न चांगला आहे, पण तो फक्त याच अल्बमला का विचारायचा, हे मला कळत नाही.

हॅरिसनचा एकही मोठा अल्बम दुसऱ्याच्या हाताशिवाय झालेला नाही. १९७० चा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ घ्या. त्यावर निर्माता फिल स्पेक्टरने प्रतिध्वनीचा एवढा थर चढवला आहे की काही गाण्यांत नेमकी किती वाद्ये वाजत आहेत हे मोजता येत नाही. तीस वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये तो अल्बम पुन्हा प्रकाशित झाला तेव्हा सोबतच्या टिपणात जॉर्जनेच लिहिले की तो प्रतिध्वनी कमी करून सगळे मिश्रण नव्याने करण्याचा मोह त्याला होत होता. तरीही त्या अल्बमला कोणी स्पेक्टरचा अल्बम म्हणत नाही. १९८७ चा ‘क्लाउड नाइन’ तर लिननेच जॉर्जबरोबर घडवलेला आहे. त्यातले गाजलेले गाणे १९८८ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले तेव्हा ड्रम फार नीटनेटके वाजतात अशी तक्रार कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही.

या माणसाची कारकीर्द पाहिली तर त्याला एकट्याने काम करणे मुळीच आवडत नव्हते असे दिसते. बीटल्स संपले, त्यानंतर त्याने मित्रांचा गोतावळा जमवला, मग ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा गायक-मित्रांचा संच जमवला, आणि मधल्या काळात तर संगीतापेक्षा फ्रायर पार्क या आपल्या घराच्या बागेत जास्त वेळ घालवला. ‘क्लाउड नाइन’नंतर पंधरा वर्षे त्याचा स्टुडिओतला एकही नवा अल्बम आला नाही, याला कारण आजारपण जेवढे आहे तेवढाच त्याचा ध्वनिमुद्रण कंपन्यांविषयीचा कंटाळाही आहे. १९८० साली ‘समव्हेअर इन इंग्लंड’ कंपनीने परत पाठवला आणि त्याला चार गाणी बदलावी लागली. पुढच्या ‘गॉन ट्रॉपो’चा तर त्याने प्रचारही केला नाही. अशा माणसाने घरच्या स्टुडिओत निवांतपणे गाणी साठवत जावे, मित्र घरी आला की युकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर वाजवून दाखवावीत आणि ‘कधीतरी करू’ म्हणावे, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

अर्धवटराव

मग स्पेक्टरनेच सजवलेला बीटल्सचा ‘लेट इट बी’ कोणाचा, असाही एक धागा काढावा. त्यात ती सजावट न आवडलेले पॉल मॅकार्टनी स्वतः येऊन प्रतिसाद देतील.

उत्तररात्र

तबकडीवाला, तुमच्या युक्तिवादात एक फरक गाळला गेला आहे. स्पेक्टर प्रतिध्वनी चढवत होता तेव्हा जॉर्ज त्याच इमारतीत होता आणि त्याला ‘नको’ म्हणता येत होते. तो म्हणाला नाही, किंवा त्याचे चालले नाही, ही त्याची जबाबदारी. २००२ साली ‘नको’ म्हणणारे कोणीच नव्हते. मी लिनला दोष देत नाही, फक्त निर्णय कोणाचे होते एवढेच विचारतो आहे.

कोमल रिषभ

अल्बम कोणाचा हे ठरवायला मी पुरेसे रॉक संगीत ऐकलेले नाही. मात्र त्यातल्या ‘मारवा ब्लूज’ या शब्दविरहित तुकड्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही.

नाव ऐकून मी फार अपेक्षेने बसलो होतो, कारण मारवा राग म्हटला की आपल्याकडच्या श्रोत्याच्या कानात वसंतराव देशपांडे किंवा उस्ताद अमीर खाँसाहेब यांपैकी कोणीतरी आधीच बसलेले असते. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर टेकायचे म्हटले तरी मन लावून टेकायचे नाही. त्यातून ती मावळतीची हुरहूर येते. या कसोटीवर हॅरिसनचा तुकडा मारवा नाही. ज्या स्वरसंगतीवर तो उभा आहे ती साधी पाश्चात्त्य मेजर कॉर्डची आहे आणि मेजर कॉर्ड म्हटली की तिच्या पोटात पंचम आलाच. शास्त्राची बाजू इथे संपते.

आता दुसरी बाजू. त्याच्या डाव्या हाताच्या बोटात जी नळी आहे, जिला ते लोक स्लाइड म्हणतात, तिच्यामुळे गिटारच्या पडद्यांचे बंधन सुटते आणि स्वरावरून स्वरावर सरकताना मधली श्रुती ऐकू येते. आपण तिला मींड म्हणू. हा माणूस रविशंकरांकडे सतार शिकला, १९६८ च्या सुमारास आपण या वाद्यात फार पुढे जाणार नाही हे ओळखून गिटारकडे परतला, आणि १९६९ च्या अखेरीस त्याने स्लाइड वाजवायला घेतली. सतार सुटली तरी मींड त्याच्या हातातून गेली नाही. त्याच्या स्लाइडमध्ये दिखाऊ तान अशी जवळजवळ नाहीच. एकेक स्वर घोळवत, त्याला थोडे खालून स्पर्श करत तो वर नेतो. ‘मारवा ब्लूज’मध्ये मारवा सापडत नसला तरी मारवा ऐकत मोठा झालेला कान सापडतो, एवढे मी खात्रीने म्हणेन. या तुकड्याला २००४ च्या फेब्रुवारीत वाद्यसंगीताचे ग्रॅमी मिळाले तेव्हा परीक्षकांनी पंचमाची चौकशी केली नसावी.

आणखी एक गोष्ट. उत्तररात्र यांच्या प्रश्नाला या तुकड्यापुरते तरी उत्तर आहे. पाठीमागची तंतुवाद्ये नंतर कोणीही बसवली असोत, पुढे चाललेला हात एकाच माणसाचा आहे आणि त्याची नक्कल अजून कोणाला साधलेली नाही.

मंजिरी_ठाणे

कोमल रिषभ, प्रतिसाद फार आवडला.

आमच्या घरी हा अल्बम माझ्या भावाने आणला होता. शेवटचे, म्हणजे शीर्षकाचे गाणे चालू असताना आई स्वयंपाकघरात होती. त्या गाण्यात शाळेपासून शेअर बाजारापर्यंत प्रत्येकाने आपला मेंदू कसा धुतला याची तक्रार आहे. मध्येच एक मुलगी पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या एका पुस्तकातला उतारा वाचते, आणि सगळा गलका संपल्यावर बाप-लेक ‘नमः पार्वतीपतये’ म्हणू लागतात. आई हात पुसत बाहेर आली आणि ‘हा कोण कीर्तनकार?’ असे तिने विचारले. भावाने सांगितले की हा बीटल्समधला. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने ते शेवटपर्यंत उभ्याने ऐकले आणि उच्चार बरे आहेत असा निर्वाळा दिला.

मला विचाराल तर हा अल्बम त्या दोघांचा आहे. त्या जपात कोणाचा आवाज कोणता हे मला अजून नीट वेगळे काढता येत नाही.

अर्धवटराव

त्या गाण्यात निक्केई आहे, डाउ जोन्स आहे, फुत्सी आहे, नॅसडॅकही आहे. मुंबईचा सेन्सेक्स मात्र वगळला, हा दलाल स्ट्रीटवर उघड अन्याय आहे.

बेसूर

उत्तररात्र यांच्या पहिल्या मुद्द्याला, म्हणजे शोकाच्या मुद्द्याला, मी पुरावा जोडतो, परंतु निष्कर्ष वेगळा काढतो.

२००२ सालच्या बहुतेक लेखनात हा अल्बम ‘मृत्यूला सामोरे जाणाऱ्या माणसाचे मनोगत’ म्हणून वाचला गेला. आता गाण्यांची वये पाहा. पहिलेच गाणे ‘एनी रोड’ हे १९८८ मध्ये, ‘क्लाउड नाइन’मधल्या एका गाण्याच्या चित्रफितीचे काम चालू असताना लिहिलेले आहे, आणि १९९७ साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्याने ते वाजवलेही होते. ‘रन सो फार’ त्याने गिटारवादक एरिक क्लॅप्टनला दिले होते आणि ते क्लॅप्टनच्या १९८९ च्या अल्बमवर आहे. युकुलेलेवरचे ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’ हे तर १९३१ चे, हॅरल्ड आर्लेन आणि टेड कोलर या जोडीचे जुने गाणे आहे आणि त्याचे हे ध्वनिमुद्रण १९९१ च्या सुमारास एका कार्यक्रमासाठी झालेले आहे. ‘रॉकिंग चेअर इन हवाई’ची मुळे १९७० पर्यंत जातात. यातले एकही गाणे मृत्युशय्येवर लिहिलेले नाही.

तेव्हा लोकांनी निरोप ऐकला तो त्यांना ऐकायचा होता म्हणून. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की शोक बाजूला ठेवला तरी गाणी उरतात, कारण ती शोकासाठी लिहिलेलीच नव्हती. ‘पायसीस फिश’ पुन्हा ऐकून पाहावे. टेम्सकाठी राहणाऱ्या एका उतारवयाच्या माणसाला नावा वल्हवणारे लोक, काठावर घाण करणारी कॅनडाची बदके आणि दारूच्या भट्टीचा धूर दिसतो, त्यातून तो स्वतःच्या दोन दिशांना ओढल्या जाणाऱ्या स्वभावावर येतो. मीन राशीचा मासा हा पुढे. आधी बदके. हे क्रमाने घडते आणि कुठेही अध्यात्माचा आव आणला जात नाही, म्हणून मला ते त्याच्या सत्तरच्या दशकातल्या उपदेशपर गाण्यांपेक्षा कितीतरी वरचे वाटते.

सुषमा आ.

बेसूर यांचे सगळे मान्य करूनही मला ‘मृत्यूची छाया नाही’ हे पटत नाही. गाणे कधी लिहिले आणि कधी गायले यात फरक असतो. १९९७ नंतर घशाचा कर्करोग, १९९९ च्या ३० डिसेंबरला घरात घुसलेल्या माणसाने केलेला सुरीहल्ला, २००१ मध्ये फुप्फुस आणि मेंदूपर्यंत पोचलेला आजार, एवढे सगळे त्या गळ्यातून गेले आहे. ‘स्टक इनसाइड अ क्लाउड’मधला आवाज पातळ आहे, वरच्या स्वरांना तो जपून हात लावतो, आणि लिनने नशिबाने त्याच्यावर काही फासलेले नाही.

शिवाय त्याला स्वतःला परिस्थितीची पूर्ण जाणीव होती, आणि त्यातही त्याचा खट्याळपणा सुटला नव्हता. ऑक्टोबर २००१ च्या सुरुवातीला, म्हणजे जाण्याच्या सुमारे दोन महिने आधी, त्याने पियानोवादक जूल्स हॉलंडच्या अल्बमसाठी धनीबरोबर लिहिलेले ‘हॉर्स टू द वॉटर’ गायले आणि त्याच्या प्रकाशन हक्काच्या जागी ‘आर. आय. पी. म्युझिक लिमिटेड, २००१’ असे लिहवून घेतले. हे ज्याला सुचते त्याच्या गाण्यात आपण मरण ऐकले तर तो आपला भावनावेग आहे असे म्हणता येणार नाही.

फोर्टकर

थोडे विषयांतर वाटेल, पण आहे त्याच रस्त्यावरचे.

शेवटच्या अल्बमचा शेवट शंकराच्या नावाने होतो हे वर आलेच आहे. पहिल्या अल्बमचा मोठा भाग मुंबईत झाला हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला आणि एच. एम. व्ही.च्या इथल्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल म्युझिक’ या चित्रपटसंगीताचा भारतीय भाग ध्वनिमुद्रित केला. बीटल्सपैकी कोणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम. वादकांमध्ये तरुण शिवकुमार शर्मा संतूरवर होते. त्याच मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचे संगीत झाले आणि त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. स्टुडिओत स्टिरिओची सोय नव्हती म्हणून दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले गेले. खोली बाहेरच्या आवाजाला फारशी अडवत नव्हती, त्यामुळे संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पायांचा आवाज येई आणि काम थांबवावे लागे. नीट ऐकले तर काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असे त्यानेच पुढे एका मुलाखतीत सांगितले होते.

उत्तररात्र यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की त्या अल्बमवर हॅरिसनचा स्वतःचा आवाज नाही. त्याने वादक जमवले, चाली सुचवल्या, थोडे वाजवले आणि बाकीचे त्यांच्यावर सोपवले. तो त्याचा अल्बम मानला जातो. मग ज्याच्यावर त्याचा गळा आणि हात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत तो नाही, असे कसे होईल?

उत्तररात्र

फोर्टकर, ही मांडणी मला सुचली नव्हती आणि ती वजनदार आहे. मात्र माझी शंका मालकीची असण्यापेक्षा मुल्यमापनाची जास्त आहे. ‘उत्तम अल्बम’ म्हणून जे लिहिले गेले ते कोणाच्या कामाविषयी होते?

जालंधर

स्वागताविषयी इतके बोलले जात आहे, तर साधे आकडेही समोर असावेत. ‘ब्रेनवॉश्ड’ ब्रिटनमध्ये २९ व्या आणि अमेरिकेत १८ व्या क्रमांकापर्यंत गेला. ‘क्लाउड नाइन’ अनुक्रमे १० व्या आणि ८ व्या क्रमांकावर होता. म्हणजे शोकाने समीक्षकांचे हात सैल केले असतील, पण दुकानात त्याचा मोठासा परिणाम दिसला नाही. याउलट जानेवारी २००२ मध्ये ‘माय स्वीट लॉर्ड’ पुन्हा निघाले ते ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेले. शोक करणाऱ्यांनी जुने गाणे घेतले आणि नवा अल्बम मुख्यतः ज्यांना त्याचे काम ठाऊक होते त्यांनी घेतला, असे मला यातून दिसते.

मरणोत्तर अल्बमची तुलना करायची तर क्वीन या बँडचा १९९५ चा ‘मेड इन हेवन’ जवळचा आहे, कारण तोही उरलेल्या सोबत्यांनी गायकाच्या ध्वनिमुद्रणांवर बांधला. गायक डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ या रांगेत बसत नाही. तो ८ जानेवारी २०१६ ला आला, बोवी १० तारखेला गेला, आणि अल्बम त्याने स्वतः हातावेगळा केलेला होता.

कोमल रिषभ

मुलाचे नाव ‘ध’ आणि ‘नि’ या स्वरांवरून ठेवलेले आहे, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. दोन्ही स्वर मारव्यात आहेत.

तबकडीवाला

आता मूळ प्रश्नाकडे.

उत्तररात्र, तुम्ही म्हणता की ‘नको’ म्हणणारे कोणी नव्हते. मला वाटते धनी होता. अल्बम आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि फ्रायर पार्कच्या स्टुडिओत ही गाणी आकार घेत असताना तो वर्षानुवर्षे तिथेच वावरत होता. लिनचा हात सैल सुटला असता तर काय झाले असते याचा नमुना आपल्यापुढे आहे. १९९५ ची बीटल्सची ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ त्याच लिनने केलेली आहे, तिच्यात किती रंग आहे ते ऐका आणि मग ‘लुकिंग फॉर माय लाइफ’ ऐका. इथे आवाज पुढे आहे, युकुलेले आणि साध्या गिटारी उघड्या आहेत, जिम केल्टनरचे ड्रम त्याच्या मानाने मोकळे आहेत. दोन-तीन गाण्यांत कोरस जास्त झाला आहे, ते मी मान्य करतो. ‘रायझिंग सन’मधली तंतुवाद्ये मलाही नको होती.

याच धनीने पुढे ध्वनिमुद्रक पॉल हिक्स यांच्याबरोबर ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चे नवे मिश्रण केले. ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले आणि त्यात स्पेक्टरचा प्रतिध्वनी बराच उतरवला आहे. वडिलांनी टिपणात व्यक्त केलेली इच्छा वीस वर्षांनी मुलाने पुरी केली. ज्याला बापाच्या गाण्यावरचा थर उतरवायचे कळते, त्याला तो चढवताना कुठे थांबायचे हे मुळीच कळले नसेल, असे मी मानत नाही.

सुषमा आ.

यावर एकच शंका आहे. २०२१ चा धनी आणि २००२ चा, वडील जाऊन वर्षही न झालेला धनी, हे एकच नव्हेत. तेव्हा त्याने लिनवर जास्त भरवसा ठेवला असेल तर त्यात नवल नाही.

बेसूर

लिनने तरी आणखी काय करायला हवे होते? शेवटी काम कसे पुढे न्यावे हे जॉर्जनेच सांगून ठेवले होते.

उत्तररात्र

सर्वांचे आभार. कारणांची सरमिसळ माझ्याकडून होत होती ती या चर्चेने सुटी झाली. कौतुकात शोक होता हे मत मी सोडत नाही, पण जालंधर यांच्या आकड्यांमुळे तो वाटा मी समजत होतो तितका मोठा नसावा असे वाटू लागले आहे. ‘पायसीस फिश’, ‘मारवा ब्लूज’ आणि शेवटचा जप एवढे माझ्या लेखी निःसंशय हॅरिसनचे आहे. ‘रायझिंग सन’ मात्र अजून लिनच्या खात्यावर.

२०१२ साली ‘अर्ली टेक्स’ या नावाने त्याच्या सत्तरच्या दशकारंभीच्या गाण्यांचे कच्चे नमुने प्रकाशित झाले. ‘ब्रेनवॉश्ड’चेही तसे कच्चे नमुने एकत्र मिळावेत, म्हणजे काय किती चढवले हे प्रत्येकाला आपल्या कानाने ठरवता येईल, एवढीच आता इच्छा आहे.

तबकडीवाला

मिळाले तर जरूर घेऊ. त्यातले नमुने कोणी निवडले यावर पुढचा धागा तुम्हीच काढणार, हेही ठाऊक आहे.

मंजिरी_ठाणे

आईला हा धागा वाचून दाखवला. मारवा ब्लूजमध्ये पंचम आहे हे तिला पसंत नाही. बाकी तिची तक्रार नाही.